पॅलिओ जीटीएक्स : धावली की गार, थांबली की गरम

मागच्या नोंदीत माझ्या फियाट पॅलिओच्या रेडिएटरच्या पंख्याचा रेझिस्टन्स (करंट अडवून पंखा हळू फिरवणारी तार) बदलून विषय मिटवला होता. तो जळगावच्या हौशी गाड्यांच्या मेळाव्यात भर मैदानात, चारचौघांदेखत परत उघडला. गेटवर नोंदणीची रांग, पुढे दोन पद्मिनी आणि एक काँटेसा, सगळं मुंगीच्या पावलांनी चाललेलं. तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर निघाला. पंखा फुल स्पीडला घुमायला लागला, तरी काटा उतरेना. लाल पट्टीला टेकायच्या आत चावी बंद केली आणि तिथल्या पोरांनी गाडी ढकलत जागेवर नेली. ढकलता ढकलता एकानं विचारलंच, "भाऊ, हाई गाडी चालस ना?"

चालस रे बाबा. चांगली पळस.

जुन्या मंडळींना पाठ आहे, नव्यांसाठी चार ओळी. पॅलिओ १.६ जीटीएक्स. १५९६ सीसी, दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह, १०० अश्वशक्ती. २००१ साली भारतात आली तेव्हा रस्त्यावरच्या मारुती झेनमध्ये ६० होती, यावरून अंदाज घ्या. चेहरा इटालियन डिझायनर जुजारोच्या हातचा, जाहिरातीत सचिन, आणि गाडी बनली कुर्ल्याच्या त्याच कारखान्यात जिथून पद्मिनी निघायच्या. एवढं सगळं असून लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त पेट्रोल पिणं. मेळाव्यात माझ्या गाडीपाशी जे थांबतात त्यांतले दहातले आठ एकच विचारतात, "आवरेज काय देस?" गावात नऊ-दहा, माझा मूड असला तर सात. हे ऐकून माणूस जो हसतो आणि पद्मिनीकडे वळतो, तो परत येत नाही.

मेळाव्याच्या फॉर्मवरही तिला जागा नाही. विंटेज-क्लासिक, मॉडिफाइड, जीप, दुचाकी. सरकारी व्याख्येत विंटेज म्हणजे पन्नास वर्षांपुढची. २०२१ च्या नियमानं त्यांना वेगळी व्हीए मालिकेची पाटीही मिळते. आपली पंचवीसच्या आसपास घुटमळणारी. म्हणजे पंधरा वर्षं उलटली म्हणून पर्यावरण कर भरा, दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करा, पण मान मागायला अजून पाव शतक थांबा. मॉडिफाइडमध्ये घालायचं तर मी हिला एक स्टिकरसुद्धा लावलेलं नाही, लावणारही नाही. "इतर" असं पेननं लिहून दिलं.

आता पंखा.

लक्षण आधीपासून एकच. हायवेला काटा मध्यावर ढिम्म. भर दुपारी जळगाव ते पारोळा एसी लावून हाणली तरी हलत नाही. उभी केली की चढतो, बराच वर गेला की पंखा एकदम मोठ्या आवाजात सुरू होतो, काटा खाली येतो, पंखा बंद, परत चढण. उभ्या गाडीत एसी लावला तर हवा कोमट. धावताना रेडिएटरला हवा फुकट मिळते, उभ्या गाडीची सगळी भिस्त पंख्यावर. या पंख्याला दोन स्पीड. पहिल्या स्पीडला करंट एका रेझिस्टन्समधून जातो, म्हणून पंखा हळू फिरतो; दुसऱ्या स्पीडला थेट बॅटरीचा पूर्ण दाब. रेझिस्टन्स जळाला की पहिला स्पीड गेला, आणि पाणी पुरतं तापून दुसऱ्या स्पीडची पाळी येईपर्यंत पंखा नुसता बघत बसतो. इथपर्यंतचा उलगडा मागेच झाला होता. नवा रेझिस्टन्स बसवला, चालला, आणि आता तोही गेला.

मेळाव्याहून आल्यावर पहिल्यांदा दुकानदारालाच शिव्या घातल्या. ऑनलाइन मागवलेला माल, खोक्यावर "ओरिजिनल टाइप" लिहिलेलं. टाइप हा शब्द दिसला की पाकीट खिशात ठेवायचं, असं माझं मत आहे. पण माल उघडल्यावर राग जरा निवळला. तार मधोमध जळून तुटलेली, बाकी बांधणी ठीक. खात्री करायला भंगारातून आणलेला जुना अस्सल रेझिस्टन्स जोडला. पहिल्या स्पीडचा रिले (पंख्याचा करंट जोडणारा विजेवरचा स्विच) टिक झाला, पंखा फिरला, आणि दोन-तीन मिनिटांत त्या रेझिस्टन्सची तार लालभडक. म्हणजे खोट मालात नाही, जास्तीचा करंट कोणीतरी ओढतंय.

इथे एक उपयोगाची गोष्ट. वायरमनकडचा क्लॅम्प मीटर मागून आणाल तर तो बहुतेक वेळा फक्त एसी करंट मोजणारा निघतो, म्हणजे घरातल्या वायरिंगचा. गाडीला डीसी मोजणारा क्लॅम्प लागतो. भुसावळच्या दोस्ताकडे सोलरच्या कामाचा होता, तो घेऊन आला. पंखा थेट बॅटरीवर लावून पाहिला तर १९ अँपिअर. मग बॅटरी सोडवून पातं हातानं फिरवलं. निरोगी मोटारीत पातं सोडल्यावर तीन-चार फेऱ्या स्वतःहून फिरतं. आमचं अर्ध्या फेरीत, कोणी पकडल्यासारखं, जागीच थांबलं. हे बघायला मीटरसुद्धा लागत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यानं बोनेट उघडल्यावर इंजिन बंद असताना हे आधी करावं.

मोटार उतरवायला रेडिएटरचा वरचा होज काढावा लागला, त्या निमित्तानं कूलंट सगळा बाहेर काढला. बाहेर आलं ते तांबूस-पांढरं. आधीच्या मालकानं बोअरचं पाणी घातलेलं, दुसरं काय. आपल्याकडच्या बोअरनं चहाचं पातेलं पांढरं पडतं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांनी काय करावं? खालच्या बाजूनं नळाची नळी लावून उलटं पाणी सोडलं, स्वच्छ येईपर्यंत. परत भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. कूलंट हिरवा की गुलाबी यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा, फक्त दोन रंग एकात मिसळू नयेत आणि बोअरचं पाणी घालू नये.

मोटार घेऊन वाइंडरचाचांकडे, म्हणजे मोटारी दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेलो. अजिंठा चौफुलीच्या बाजूला त्यांचं दुकान, कामं मुख्यतः पाण्याच्या मोटारींची. गाडीचा पंखा बघून आधी नाही म्हणाले, मग उघडून बसलेच. मागचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची कडी) एका बाजूनं झिजून अंडाकृती झालेला, त्यामुळे शाफ्ट कललेला आणि आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, चुंबकाला घासत होतं. घासल्याच्या चकचकीत खुणा समोर दिसत होत्या. कार्बन ब्रशही तिरपे झिजलेले. करंट दीडपट झाला की रेझिस्टन्समधली उष्णता सव्वादोनपट होते, वर्गाच्या हिशेबानं. कितीही नवे रेझिस्टन्स लावले असते तरी ते जळत राहिले असते. चाचांनी लेथवर गनमेटलचा बुश काढून दिला, ब्रश दुसऱ्या मोटारीचे घासून बसवले. कंपनीची नवी मोटार मिळेल का म्हणून मी गावोगाव फोन करत होतो, आणि काम झालं चार चहा आणि एका नोटेत. नोट केवढी ते सांगत नाही, चाचांचा भाव वाढेल.

बसवून मोजलं : १२ अँपिअर. पातं सोडलं तर निवांत फिरत राहिलं.

त्या दुपारी अंगणात उन्हात गाडी चालू ठेवून नुसता बसलो. काटा मध्याच्या जरा वर गेला, रिले टिक, पंखा हळू स्पीडला, काटा खाली, पंखा बंद. परत तेच. एसी लावला, पंखा लगेच फिरला, उभ्या गाडीत पहिल्यांदा खरी गार हवा आली. घरचे म्हणाले, एवढं काय बघतोस, पंखाच तर आहे. ज्यांना कळतं त्यांना कळतं.

पण एक प्रश्न उरलाच होता. मेळाव्यात दुसरा स्पीड चालू होता, पंखा जोरात फिरत होता, तरी काटा का उतरला नाही? अंगणात तर खराब मोटारीवरही दुसरा स्पीड लागला की तो उतरायचा. डोकं खाजवत असताना भुसावळच्या दोस्तानं त्या दिवशीचे फोटो पाठवले. गेटवर आयोजकांनी प्रत्येक गाडीला पुढून फ्लेक्सची पाटी बांधली होती, प्रवेश क्रमांक आणि प्रायोजकांच्या नावांची. पद्मिनीला ती बंपरवर बसली. माझ्या गाडीला बांधायला जागा सापडेना म्हणून त्या पोरानं ती जाळीवर ताणून बांधली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत! पंखा मागून ओढणार काय, पुढून हवाच बंद. तुमच्याही गाडीला पाटी बांधायला कोणी आलं तर सांगा, काचेच्या आतून लावतो. बिचाऱ्यांचा हेतू वाईट नसतो.

आता पुढचा बेत. डॅशबोर्डखाली एक लपवलेला स्विच लावून पंखा हातानं चालू करायची सोय करावी, असं ठरलं होतं, वायरही आणून ठेवली होती. पण लिहिता लिहिताच वाटतंय की नको. स्विच म्हटलं की तो चालू करायचं लक्षात ठेवणं आलं, शिवाय मूळ वायरिंग कापणं आलं. त्याऐवजी रेझिस्टन्सच दणकट करावा. ॲल्युमिनियमच्या कवचातले १०० वॅटचे मिळतात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. ०.३ ओहमचा धरला तर १२ अँपिअरलाही साधारण त्रेचाळीस वॅट तापेल. पहिल्या स्पीडला करंट याहून कमीच राहणार. पंख्याच्या वाऱ्यात, श्राउडवर (पंख्याभोवतीच्या कवचावर) बोल्टनं बसवला की त्याला थंडावाही मिळेल. मूळ सॉकेट तसंच ठेवून जोडता येईल, उद्या अस्सल माल मिळाला तर परत लावता येईल.

आणि बुश. गनमेटलला तेल लागतं, आपल्या मे महिन्यात तेल किती टिकेल याची शंका आहे. मूळ बुश तेल मुरलेल्या सच्छिद्र धातूचा असतो, तो का हे आता नीट कळतंय. मागच्या बाजूला छोटं सीलबंद बेअरिंग बसवता येईल का, हे चाचांना विचारणार आहे. घर थोडं मोठं करावं लागेल. जमलं तर बुशचा विषय संपलाच, आणि मग रेझिस्टन्सचीही एवढी काळजी नाही. म्हणजे आधी बेअरिंग, मग ॲल्युमिनियमवाला. क्रम उलटा लिहिला वर, असू दे.

बाकीची कामं. मागच्या दाराचा "जीटीएक्स" बिल्ला मिळाला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारातून, एक पाय तुटलेला पण अक्षरं शाबूत. कुर्ल्यात बनलेल्या गाडीचा बिल्ला कुर्ल्याच्या भंगारातूनच यावा, हे बरंय. बोनेटवरचं क्लिअर कोट उन्हानं पापुद्रे सोडतंय, रबिंग-पॉलिशनं भागणार नाही, तेवढं पॅनेल रंगवावं लागेल. टायमिंग बेल्ट अजून बाकी. गॅरेजवाला म्हणतो व्हाइटनरच्या खुणा करून बदलून देतो. या इंजिनावर ते मी करू देणार नाही. कॅम लॉक करायचं टूल हवं. बेल्ट चुकला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडते आणि मग आवरेजचा प्रश्नच उरत नाही. टूल पुण्याहून येतंय. बेल्ट झाल्याशिवाय तोरणमाळचा घाट नाही, कितीही मन ओढलं तरी.

एक चांगली आठवण नोंदवून ठेवतो. मेळावा संपत आला तेव्हा अमळनेरचे एक काका आले, बोनेट उघडं होतं. वाकून बघितलं, म्हणाले, "सोळा व्हॉल्व्ह. यांनी हिला विकताच आलं नाही." आवरेज विचारलं नाही. मी त्यांना चावी देऊन इंजिन चालू करायला लावलं. फ्लेक्स तोपर्यंत वाऱ्यानं एका बाजूनं सुटला होता, काटाही शहाण्यासारखा वागला.

पुढच्या वेळी गाडीपुढे मराठीत पाटी लावणार. पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत आवरेज, म्हणजे तो प्रश्न आधीच निकाली. खाली अश्वशक्ती, वर्ष, कुर्ला. पुढचा मेळावा धुळ्याला आहे, लळिंगचा घाट उतरायचं निमित्तही मिळेल. पंख्याचा श्राउड एका कोपऱ्यात तडकलाय. कोणाकडे १.६ चा पडून असेल, पॅलिओचा किंवा फियाटच्याच ॲडव्हेंचरचा, तर सांगा. भाव मात्र मुंबईचा सांगू नका.