घोड्याची वाट

पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली, त्यामुळे कालवा दिसला की मी आधी पाणी बघत नाही, गेट बघतो. इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला लेकीकडे आलो, तेव्हा एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, चला, तुम्हाला इथला कालवा दाखवते." नीरा डाव्या कालव्यावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला ही कालवा दाखवणार!

नॉर्थॅम्पटनशरमधलं स्टोक ब्रुअर्न हे जुनं गाव. दगडविटांची घरं, गवताने शाकारलेला पब, आणि जुन्या पिठाच्या गिरणीत १९६३ साली सुरू झालेलं कालव्याचं संग्रहालय. या सगळ्याच्या मधून ग्रँड युनियन कालवा जातो. वाहतो म्हणवत नाही, इतका निवांत. काठावरच्या एका घरात पूर्वी मेरी वॉर्ड नावाच्या परिचारिका राहायच्या. सगळं बिऱ्हाड नावेत घेऊन फिरणाऱ्या माणसांना हक्काचा दवाखाना असा तोच.

गावाजवळ ओळीने सात लॉक आहेत, म्हणजे नाव वर-खाली करणारे दोन दारांमधले पाण्याचे कप्पे. नाव आत शिरते, मागचं दार लागतं, पाणी भरतं आणि नाव आठेक फूट वर येते. हे सगळं नाववाले स्वतःच करतात. कमरेला लोखंडी हँडल खोचलेलं असतं, ते लावायचं नि फिरवायचं. आमच्याकडे गेटची किल्ली अशी ज्याच्या त्याच्या हाती दिली असती, तर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी दिसलं असतं का? मी काठावर उभ्या उभ्या हिशेब मांडला. चौदा फूट रुंद, सत्तरेक फूट लांब, आठ फुटांची चढण. लॉक एकदा रिकामं झालं की दोन लाख लिटरच्या आसपास पाणी खाली. रान किती भिजलं? एक वाफाही नाही.

"बाबा, इथे पाण्याने रस्त्याचं काम करायचं असतं," लेक म्हणाली. पटलं, तरी जीव हळहळलाच.

काठाने जाणाऱ्या वाटेला टोपाथ म्हणतात. नावा ओढणाऱ्या घोड्यांची ही वाट. ती धरून गावाबाहेर पडलो, तर पुढे टेकडी, आणि कालवा थेट तिच्या पोटात. हा ब्लिसवर्थचा बोगदा, २.८ किलोमीटर लांब. १७९३ साली काम सुरू झालं, पण टेकडीतल्या पाण्याने आणि वाळूने पहिला प्रयत्न पार बुडवला. बाकीचा कालवा तयार होऊन बसला, हा तुकडा मात्र १८०५ साली जोडला गेला. तोवर माल उतरवून घोड्यांनी टेकडीवरून रुळांवर ओढायचा. कंत्राट रखडलं, की पर्यायी व्यवस्था! माझं खातं आठवून जरा बरं वाटलं.

बोगद्यात टोपाथ नाही. मग नाव कशी जाणार? आडव्या फळ्यांवर दोन माणसं उताणी निजायची आणि बोगद्याच्या भिंतींवर पाय देत देत, अंधारात, भरलेली नाव ढकलत न्यायची. १८७१ पासून वाफेचे टग, म्हणजे नावा ओढणाऱ्या बोटी, आले, तेव्हा कुठे त्या पायांना उसंत मिळाली. घोडा सोडून द्यायचा. तो टेकडीवरून पलीकडे जायचा. माणसं पोटात, जनावर मोकळ्या हवेत.

बोगद्याच्या तोंडाशी एक नाव थांबली होती. सुकाणूपाशी बाई, आणि नवरा कुत्र्याला घेऊन काठावर उतरलेला. कुत्रं अंधाराला भितं, म्हणाला. नाव आत गेली, आम्ही चौघं घोड्याच्या वाटेने वर चढलो. वर कालव्याचं नाव नाही. शेतं, कुंपणं, आणि मधेच विटांचे गोल बुरूज. बोगद्याचे ते हवेचे धुराडे. एकाला हात लावून उभा राहिलो. माझ्या पायाखालून कालवा चालला होता आणि मला त्याचं एकही गेट दिसत नव्हतं. असं आयुष्यात प्रथमच.

माझ्या रेंगाळण्याने उशीर होत होता. तो गृहस्थ बिचारा थांबत थांबत येत होता, कुत्रं मात्र दोरी ताणत पुढे. ब्लिसवर्थच्या बाजूला उतरलो तेव्हा ते सरळ काठावर जाऊन बसलं, त्या काळ्या कमानीकडे तोंड करून. बराच वेळ काही नाही. मग आत, खूप आत, एक दिवा हलला आणि कुत्र्याची शेपटी गवतावर आपटायला लागली.