हिवाळी अंडी की उन्हाळी?

प्राणिशास्त्राच्या तासाला जलपिसवांचे, म्हणजे तळ्यांत-डबक्यांत उड्या मारत पोहणाऱ्या बारीक कवचधारी प्राण्यांचे, जीवनचक्र शिकवताना मी कित्येक वर्षे फळ्यावर ‘हिवाळी अंडी’ हा शब्द लिहीत आलो आणि मुलेही तो निमूटपणे वह्यांत उतरवून घेत आली. अनुकूल काळात माद्या नराविना पिल्ले देतात, थंडी आली की नर जन्मतात, मग मीलन होऊन जाड कवचाची हिवाळी अंडी तयार होतात, असा तो ठरलेला मजकूर. एका वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून येणाऱ्या एका मुलीने विचारले, “पण सर, आमच्या गावच्या तळ्याला थंडीत काहीच होत नाही. पाणी आटतं ते एप्रिलात.” मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यात राहिला, आणि पुढच्या उन्हाळ्यात मी पिशवी आणि खुरपे घेऊन त्याच बाजूला गेलो.

हा शब्द आपल्याकडे आला तो जर्मनीहून. फ्रायबुर्ग येथील प्राणिशास्त्रज्ञ आउगुस्ट वाइझमान यांनी १८७० च्या दशकात जलपिसवांच्या प्रजननचक्रांवर दीर्घ अभ्यास केला आणि त्या प्रदेशातील तळ्यांचे वर्ष हेच त्या साऱ्या वर्णनाची चौकट ठरले. तिकडे उन्हाळ्यातला मोठा दिवस आणि हिवाळ्यातला लहान दिवस यांत साडेसात तासांहून अधिक अंतर असते, त्यामुळे दिवस आखडू लागणे ही येणाऱ्या थंडीची खात्रीची वर्दी असते. बेळगाव जवळजवळ सोळा अंश अक्षांशावर असल्यामुळे आपल्याकडे हे अंतर दोन तासांहूनही कमी आहे आणि तळे गोठण्याचा तर प्रश्नच येत नाही. खुद्द वाइझमान यांनी नोंदवले होते की मोठ्या सरोवरांतील जातींचे चक्र वर्षातून एकदा पूर्ण होते, तर डबक्यांतील जातींचे अनेकदा. म्हणजे डबक्याच्या आयुष्याशी या गोष्टीचा संबंध आहे हे त्यांना दिसले होते. आमच्या टिपणांत मात्र फक्त हिवाळा उतरला.

तळ्याचा तळ भेगाळला होता. कडेचे पापुद्रे वाळून वर वळले होते आणि खाली बोटभर खोलीवर अजून ओल होती. मी दोन्ही थरांतील माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरत असताना म्हशी घेऊन आलेले एक काका थांबले. “काय वो मास्तर, विहिरीचं पाणी न्यायचं सोडून चिखल कशाला न्हेताय?” मी म्हटले, यात जीव आहेत. त्यांनी एक पापुद्रा उचलून उन्हात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता परत ठेवला.

घरी आणून दोन्ही माती काचेच्या बरण्यांत घातल्या आणि त्यांवर साठवून ठेवलेले पावसाचे पाणी ओतले. ओलसर मातीच्या बरणीत त्याच संध्याकाळी एक सायक्लॉप्स, जलपिसवांसारखाच बारीक पण वेगळ्या गटातला कवचधारी प्राणी, झटके देत पोहताना दिसला. तो अर्धा वाढलेला होता, तेव्हा तो अंड्यातून नुकताच निघालेला असणे शक्य नव्हते. सायक्लॉप्सच्या पिल्लाला आधी नॉप्लियस या अळीरूपाच्या सहा अवस्था आणि मग प्रौढ होईपर्यंत आणखी पाच अवस्था पार कराव्या लागतात. अनेक जाती या दुसऱ्या टप्प्यात चिखलात शिरून वाढ थांबवतात आणि पाणी आले की उरलेले आयुष्य पुढे सुरू करतात. या प्राण्याला नराविना चालत नाही. नर आपल्या वाकड्या स्पर्शिकांनी मादीला धरून शुक्राणूंच्या पिशव्या तिला चिकटवतो, आणि एकदा मिळालेल्या शुक्राणूंवर ती पुढे अनेक खेपांची अंडी फलित करून शेपटाच्या दोन्ही बाजूंना दोन पिशव्यांत वाहते. उत्तर कर्नाटकातल्या जुन्या माणसांना हा प्राणी नावाने ठाऊक नसला तरी परिणामाने ठाऊक आहे, कारण पायविहिरीच्या पाण्यातून नारूची अळी पोटात जायची ती याच्याच अंगातून. माझी आजी पाणी दुहेरी धोतरातून गाळायची. भारत नारूमुक्त झाल्याचे २००० साली जाहीर झाले, तेव्हा ती हयात नव्हती.

सुक्या पापुद्र्यांच्या बरणीत पहिले दोन दिवस काहीच हालले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उजेडाच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे पाच-सहा ठिपके उड्या मारताना दिसले. त्या मोइना होत्या, आपल्याकडच्या उथळ, कोमट, गढूळ पाण्यात सर्रास आढळणाऱ्या जलपिसवा. सुप्त अंड्यांतून बाहेर येणारी ही पहिली पिढी सगळी माद्यांचीच असते. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्या पाठीवरच्या कवचाखाली, पिल्लांच्या कोठडीत, गोल गर्भ दिसू लागले. नर बरणीत नव्हता आणि लागणारही नव्हता. या अंड्यांत गुणसूत्रे निम्मी होत नाहीत, त्यामुळे प्रत्येक मुलगी आईची हुबेहूब प्रत असते. मराठीत याला अनिषेकजनन म्हणतात. शब्द जड आहे, पण नेमका आहे.

एक मादी काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात घेऊन मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तिचे अंग पारदर्शक असल्यामुळे आईचे हृदय धडधडताना आणि त्याच्या मागे कोठडीतली पिल्ले वळवळताना एकाच नजरेत दिसतात. प्रत्येक पिल्लाच्या डोक्यावर दोन ठिपके होते. दुसऱ्या दिवशी तिच्याच एका बहिणीला पाहिले, तेव्हा तिच्या पिल्लांचे दोन ठिपके जवळ येऊन एक झाले होते. जलपिसूचा तो एकुलता एक डोळा असा दोन डोळे जुळून तयार होतो. डाफ्निया या दुसऱ्या एका जलपिसूची अंडी बलकाने भरलेली असल्यामुळे ती कोठडीतून काढून बशीतही वाढवता येतात. मोइनाच्या बाबतीत ते जमत नाही. तिची अंडी इवलीशी असतात, कोठडी चहूबाजूंनी बंद असते आणि आई तिच्यात पोषक द्रव सोडत राहते. अपृष्ठवंशी प्राण्यातली ही गर्भाशयासारखी सोय मला दरवर्षी नव्याने चकित करते.

दोन आठवड्यांत बरणी गच्च भरली, पाणी खाली गेले आणि मी खाद्य म्हणून घालत असलेले शेवाळाचे हिरवे पाणी त्यांना पुरेनासे झाले. तेव्हा पहिले नर दिसले: अंगाने लहान आणि पुढच्या स्पर्शिका लांबलचक, कारण त्यांनीच मादीला धरायचे असते. बाहेर मे महिना होता. थंडीचा मागमूस नव्हता आणि दिवस लहान होण्याऐवजी मोठा होत होता. दाटी, उपासमार आणि आटणारे पाणी एवढ्यावर नर जन्मले होते. जलपिसवांत नर ठरवणारे वेगळे गुणसूत्र नसते. अंडे पक्व होत असताना आईच्या शरीरात विशिष्ट संप्रेरक वाढले की त्याच अंड्यातून मुलीऐवजी मुलगा होतो. म्हणजे मुलगाही आईचीच प्रत, फक्त वेगळ्या साच्यात घातलेली. डासांच्या अळ्यांची वाढ रोखण्यासाठी वापरली जाणारी काही रसायने याच संप्रेरकाची नक्कल करतात, आणि ती पाण्यात असली की जलपिसवा भरल्या तळ्यातही नर जन्माला घालू लागतात, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे.

नरांबरोबर वेगळ्या माद्याही दिसू लागल्या. त्यांच्या पाठीवर कवचाचा एक भाग जाड आणि काळपट होऊन घोड्यावरच्या खोगिरासारखा दिसत होता. शास्त्रीय नाव एफिपियम. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खोगीरच, त्यामुळे मी वर्गात आता सरळ खोगीर म्हणतो. गुणसूत्रे निम्मी झालेली अंडी नराकडून फलित होऊन या खोगिरात बंद होतात. डाफ्नियात दोन, मोइनाच्या काही जातींत एकच. मग मादी कात टाकते आणि खोगीर सुटे होते. डाफ्नियात नर भेटला नाही तरी मादी कधी कधी रिकामेच खोगीर टाकते, तिला खोगीरभरती म्हणायला हरकत नाही. भरलेले खोगीर उन्हात वाळते, म्हशीच्या खुराला आणि बगळ्याच्या पायाला चिकटून दुसऱ्या डबक्यात जाते, गाळात दबून वर्षानुवर्षे टिकते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका सरोवराच्या गाळातून काढलेली डाफ्नियाची काही अंडी सहाशे-सातशे वर्षांनंतरही फुटली आहेत.

रोटिफर या डबक्यांतल्याच सूक्ष्म प्राण्यांची तऱ्हा आणखी निराळी. ब्रॅकिओनस या रोटिफरात दोन प्रकारच्या माद्या दिसायला सारख्याच असतात आणि फरक कळतो तो त्यांनी वाहिलेल्या अंड्यांवरून. एकीची अंडी मोठी, त्यांतून मुली. दुसरीची निम्म्या गुणसूत्रांची. ती फलित झाली नाहीत तर बारीक राहतात आणि त्यांतून बिनआतड्याचे, अल्पायुषी नर निघतात, आणि फलित झाली तर जाड कवचाची सुप्त अंडी बनतात. येथेही इशारा थंडीचा नसून गर्दीचा असतो: रोटिफर स्वतःच पाण्यात एक पदार्थ सोडतात आणि त्याचे प्रमाण वाढले की दुसऱ्या प्रकारच्या माद्या जन्मू लागतात.

खरे कोडे मला पडले ते वळवाचे. एप्रिल-मे महिन्यांत वळवाची एक जोरदार सर येते, तळ्यात वीतभर पाणी साठते आणि आठवड्यात आटून जाते. त्या पाण्यावर सगळीच अंडी फुटली, तर पिल्ले नवी अंडी घालण्याआधीच वाळून मरतील. आमच्या भागातला शेतकरी मेअखेर धूळवाफ पेरणी करतो, पण कणगीतले सगळे भात एकदम मातीत घालत नाही. पाऊस फसला तर दुबार पेरणीला बियाणे हवे. गाळातल्या खोगिरांचेही तसेच असते. त्याच पाण्यात, त्याच उजेडात काही अंडी फुटतात आणि काही दबून राहतात.

हे मला माझ्याच हलगर्जीपणाने पाहायला मिळाले. मेअखेर एका सकाळी घाईत असताना मी साठवणीच्या पाण्याऐवजी नळाचे ताजे पाणी बरणीत ओतले. क्लोरिनने संध्याकाळपर्यंत एकही जीव शिल्लक ठेवला नाही. वरचे पाणी फेकून मी तळाचा गाळ गच्चीवर पत्र्याच्या झाकणात पसरून ठेवला आणि विसरून गेलो. जूनच्या पहिल्या पावसात झाकण भरले. चौथ्या दिवशी भिंगातून पाहिले तर त्यात तीन मोइना होत्या. तीनच. ते पाणी काढून गाळ पुन्हा वाळवला, पुन्हा भिजवला, तेव्हा आणखी काही निघाल्या. त्यांत एप्रिलपासून दबून राहिलेल्या किती आणि बरणीत नव्याने तयार झालेल्या किती, हे वेगळे करण्याची सोय माझ्या गच्चीवर नव्हती.

त्याच उन्हाळ्यात त्या गावच्या तळ्यातला गाळ काढला गेला आणि ट्रॅक्टर भरभरून शेतांत पसरला गेला. जुलैत मी पुन्हा तिकडे गेलो, तेव्हा म्हशीवाले काका आपल्या भाताच्या बांधावर उभे होते आणि चिखलणी केलेल्या वाफ्यात टाचभर पाणी होते. मी चहाच्या गाळणीने दोन-तीनदा पाणी ढवळून बाटलीत घेतले आणि बाटली उजेडात धरली. काकांनी ती माझ्या हातून घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, “हे तर उड्या मारालेत की वो.”