पहिल्या दोन घागरी

जिजींचा पहिला फोन आला तेव्हा मी सगळा दोष तापीवर ढकलला होता. आषाढ लागलेला, हतनूर धरणाचे दरवाजे उघडलेले, नदी दाट चहासारखी वाहत होती. या दिवसांत नळाच्या पाण्याच्या तक्रारींचे फोन वाढतात आणि आमचं उत्तरही ठरलेलं असतं: वरून गढूळ पाणी आलंय, दोन दिवस उकळून प्या. रजिस्टरला मी लिहिलं, ‘नदीस गढूळ पाणी. ग्राहकास समजावले. निकाली.’ दुसऱ्या फोनलाही हेच लिहिलं. शब्दसुद्धा बदलले नाहीत.

तिसऱ्या वेळी जिजी फोनच्या भानगडीत पडल्या नाहीत, रिक्षा करून थेट फिल्टर प्लांटवर आल्या.

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात केमिस्ट आहे. पावसाळ्यात रोज सकाळी सहा बीकरांत तुरटीचे सहा डोस टाकून कोणत्यात गाळ लवकर बसतो ते बघायचं, क्लोरीन सांभाळायचा, नमुने काढायचे आणि माणूस कमी असला की तक्रारींचा फोनही घ्यायचा. माणूस कायमच कमी असतो. त्या सकाळीही बीकरांत पॅडल फिरत होते. जिजींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, टेबलावर ठेवली, झाकण काढलं आणि म्हणाल्या, “भाऊ, पाणीले गटारीना वास ई ऱ्हायना. आते तूच देख.”

वास घेतला आणि मी खुर्चीवर सरळ बसलो. नदीच्या पाण्याला मातीचा वास येतो, हा तो नव्हता. शिवाय माझ्याच नोंदवहीत त्या दिवशीची फिल्टरनंतरची गढूळता ०.८ एनटीयू लिहिलेली होती. प्लांटमधून निघणारं पाणी स्वच्छ आहे हे मला ठाऊक होतं आणि तरी मी दोनदा नदीचं नाव घेऊन फोन ठेवला होता.

ओटी टेस्ट केली. नळीत थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवा. नळी पांढरीच्या पांढरी. अर्थात बाटलीत काही तास राहिलं की क्लोरीन उडतोच, म्हणून एवढ्यावर काही म्हणता येत नाही. एचटूएसच्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती कपाटात ठेवली. ते पाणी काळं पडलं तर मैला मिसळलाय असं समजायचं, पण त्याला रात्र जाऊ द्यावी लागते.

“कोणत्या वेळचं पाणी आहे हे, जिजी?”

“पह्यली घागर. मी पह्यल्या दोन घागरी मोरीमा वती देस. तिसरी भरस.”

त्या वाक्याने माझं काम निम्मं केलं. पाणी सुरुवातीला घाण आणि नंतर बरं येत असेल, तर बिघाड प्लांटला नाही, टाकीलाही नाही. गल्लीतल्या पाइपात कुठेतरी बाहेरचं पाणी शिरून बसतंय. आमच्याकडे चौथ्या दिवशी पाणी येतं, तेही पहाटे तीनला. पुरवठा बंद झाला की पाइपातलं पाणी उताराकडच्या घरांत उतरतं, त्यात कोणी नळाला डायरेक्ट मोटार लावलेली असते, ती उरलंसुरलं ओढते. रिकामा पाइप मग जिथे भोक असेल तिथून जे मिळेल ते आत घेतो. पावसाळ्यात गटारी काठोकाठ.

चौथ्या दिवसाची वाट बघायची सोय नव्हती. जिजींच्या शेजारच्या दोन घरांत पोरांना जुलाब लागलेले. साहेबांना विचारून त्याच संध्याकाळी पाळी नसताना व्हॉल्व्ह उघडायचं ठरलं. (अर्ध्या तासात दुसऱ्या वॉर्डातून फोन आला, ‘त्यांनाच जादा पाणी का?’) दुपारी गल्लीत दारोदार सांगितलं की नळाला येणारं अगदी पहिलं पाणी तांब्यात धरून ठेवा, मोटार लावू नका.

सहा वाजता आमच्या व्हॉल्व्हमन आप्पांनी चावी फिरवली. मी क्लोरोस्कोप, म्हणजे ओटी टेस्टची रंग जुळवायची पेटी, घेऊन वरच्या टोकापासून निघालो. दारोदारी बाया तांब्या घेऊन उभ्या, पोरं माझ्यामागे. पहिलं घर पिवळं. चौथं पिवळं. सातवंही पिवळं, जरा फिकं. नवव्या घरी काहीच नाही. अकरावं घर जिजींचं, तिथेही नळी कोरी. आठवं घर नव्हतंच. तिथला जुना वाडा पाडलेला, प्लॉटवर गुडघाभर गवत.

आप्पा त्या प्लॉटसमोर गटारीकडे बघत थांबले. “साहेब, बुडबुडे बघा.” नुसत्या पाण्याच्या हालचालीने येतात तसे नव्हते ते, एकाच जागी, सारखे. आप्पांनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात गटारीत घातला. मी नाक दाबून उभा. “धार लागतेय बोटाला,” ते म्हणाले.

अर्धा इंची जीआय पाइप होता. वाडा पाडला तेव्हा कोणीतरी त्याचं तोंड हातोडीने चेपून तसंच सोडून दिलेलं, आणि गंजून तिथे करंगळी जाईल एवढं भोक पडलेलं. आमच्या रजिस्टरला हे कनेक्शन दोन वर्षांपूर्वीच ‘कायम बंद’. बंद म्हणजे बिल बंद. मुख्य लाइनवरचं पितळी फेरूल, म्हणजे घरचा पाइप जिथे जोडतात तो तुकडा, काढून तिथे प्लग मारायला हवा होता, पण त्यासाठी रस्ता खोदावा लागतो.

तो त्या रात्री खोदला. फेरूल काढून प्लग बसवायला साडेअकरा वाजले. मग लाइनमध्ये क्लोरीनचा जादा डोस सोडला, तो मुरू दिला आणि शेवटच्या टोकाचा वॉशआउट, म्हणजे लाइन रिकामी करायचा व्हॉल्व्ह, उघडून सगळं पाणी बाहेर काढलं. घराघरांत मेडिक्लोरच्या, म्हणजे पिण्याच्या पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या, बाटल्या दिल्या. सकाळी कपाट उघडलं तर एचटूएसची बाटली डांबरासारखी काळी. रजिस्टर काढून जिजींच्या नावापुढचे दोन्ही ‘निकाली’ लाल पेनने खोडले.

पुढच्या पाळीला पहाटे तीनला मी स्वतः जिजींच्या दारात होतो. नळ सुटल्याबरोबर नळी भरली, थेंब टाकले. छान पिवळा रंग आला, ०.४ च्या खुणेला. नळी बॅटरीच्या उजेडात धरून त्यांना दाखवली. त्यांनी नीट बघितली, हो म्हणून मान हलवली आणि भरलेली पहिली घागर उचलून मोरीत ओतली.

“जिजी, अहो आता चांगलं आहे.”

“ऱ्हाऊ दे भाऊ, सवय व्हई गयी,” म्हणत त्यांनी दुसरी घागर नळाखाली लावली.