विचारणे, मागणे आणि सरांचा फळा

आपली शाळा मराठी माध्यमाची. घरी मराठी, कर्नाटकातल्या आमच्या खानापूरच्या बाजारात निम्मे कन्नड आणि पाचवीपासून इंग्रजी, अशा तीन भाषांत आम्ही वाढलो. इंग्रजी शब्द पाठ करायचा, स्पेलिंग घोटायचे आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे, हीच तेव्हा सगळीकडची रीत होती. आमच्या इंग्रजीच्या सरांची रीत वेगळी होती. आज मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. त्या कामाची मुळाक्षरे मला लॉ कॉलेजच्या आधी सरांच्या तासाला मिळाली, म्हणून इथे त्यांनी नववीत शिकवलेल्या एकाच शब्दाबद्दल लिहितो. शब्द अगदी रोजचा आहे: आस्क.

सरांनी तो फळ्याच्या मधोमध लिहिला आणि म्हणाले, "पोरांनो, आपल्या गावात कोण कुणाला काय विचारतो, कुणाकडे काय मागतो, तेवढे सांगा." मग काय, वर्ग सुटलाच. कंडक्टरला गाडीची वेळ विचारतात. सावकाराकडे उसने मागतात, आणि परत मागायची वेळ आली की सावकार तगादा लावतो. मुलीला मागणी घालतात. पंचांपुढे जाब विचारतात. देवाला साकडे घालतात, गुरवाकडून कौल लावून घेतात. एकेका उत्तरासरशी फळ्यावर इन्क्वायर, रिक्वेस्ट, डिमांड, क्वेश्चन, बेग, इंटरॉगेट असे शब्द आपापल्या जागी बसू लागले. कुणी तरी म्हणाले, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने जोगवा मागतात. सरांनी 'बेग' लिहिले, क्षणभर थांबले आणि पुसून टाकले. जोगवा मागणारी बाई भीक मागत नाही, देवीच्या नावाचे मागते, याला इंग्रजीत शब्द नाही, तुम्ही जोगवाच लिहा, असे ते म्हणाले. परभाषेपुढे आपल्या शब्दाची मान खाली जाऊ न देता ती भाषा मनापासून शिकवणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

या शब्दांची घराणीही सरांनी सांगितली. आस्क हा जुन्या इंग्रजीतला, घरचा शब्द. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात, न्यायालयात फ्रेंच आली. क्वेश्चन, डिमांड ही त्या वाटेने आलेली मंडळी. इंटरॉगेट थेट लॅटिनमधला. म्हणून आस्क आई लेकराला म्हणू शकते, इंटरॉगेट मात्र पोलीस ठाण्यात शोभतो. डिमांडची गोष्ट मला फार आवडते. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ नुसता विचारणे, मागणे एवढाच आहे. इंग्रजीत तो न्यायालयाच्या भाषेतून आला आणि त्याचा आवाज चढला. फ्रेंच माणूस इंग्रजी बोलताना सहज डिमांड म्हणून गेला, तर ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटतो.

रोजच्या वापराकडे सरांचे फार बारीक लक्ष असे. वर्गातल्या बऱ्याच वह्यांत 'ही आस्क्ड टू मी' असे असायचे, कारण 'मला' म्हटले की आपल्याला 'टू' आठवते. इंग्रजीत आस्कनंतर माणूस थेट येतो, मध्ये काही नको: 'ही आस्क्ड मी'. मात्र वस्तू मागायची तर 'फॉर' हवाच. 'आस्क द हेडमास्टर' म्हणजे हेडमास्तरांना विचार. 'आस्क फॉर द हेडमास्टर' म्हणजे मला हेडमास्तरांना भेटायचे आहे असे सांग. आपल्याकडे विचारणे आणि मागणे ही दोन क्रियापदे जे काम करतात, ते तिथे एवढासा 'फॉर' करतो. 'आस्क आफ्टर' म्हणजे ख्यालीखुशाली विचारणे, 'आस्क समवन टू डिनर' म्हणजे जेवायला बोलावणे. 'सर, डाउट विचारू का?' असे कुणी म्हटले की सर सांगत, इंग्लंडात डाउट म्हणजे खरेपणाविषयीचा संशय. तुला प्रश्न आहे, तर क्वेश्चन म्हण.

हे सगळे मला कोर्टात रोज भेटते. पक्षकार मराठीत बोलतो, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो आणि माझा मसुदा इंग्रजीत. सावकाराने पाठवायची असते ती डिमांड नोटीस. दिवाणी दाव्यात एका पक्षाने दुसऱ्याला लेखी विचारलेल्या प्रश्नांना इंटरॉगेटरीज म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 11 मध्ये त्यांची तरतूद आहे. आणि न्यायालयाकडे जे मागायचे, त्याला दाव्याच्या शेवटी प्रेयर म्हणतात. देवाजवळ करतात ती प्रार्थनाच, तोच शब्द. नववीत साकडे घालण्यापुढे सरांनी नेमका 'प्रे' लिहिला होता.

पण सर्वात जास्त उपयोग झाला तो कन्नडच्या बाबतीत. सर आम्हाला बजावत, "केळु हा शब्द सांभाळून घ्या." कन्नडमध्ये केळु म्हणजे विचारणे, मागणे आणि ऐकणेही. तालुक्याच्या पूर्वेकडचा साक्षीदार नुसते 'केळिदे' म्हणाला, तर त्याने विचारले की ऐकले? 'अवनन्नु केळिदे' म्हटले तर त्याला विचारले. 'अवन मातु केळिदे' म्हटले तर त्याचे बोलणे ऐकले. साक्षीत हा फरक फार मोठा. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागतो, म्हणजे साक्षीदाराने स्वतः अनुभवलेलेच सांगावे लागते, हे 1872 च्या पुरावा कायद्यात होते आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. स्वतः विचारून मिळालेले उत्तर आणि कुणाकडून तरी कानावर आलेली गोष्ट यांचे वजन कोर्टात एक नसते. म्हणून मी साक्षीदाराला दरवेळी थांबवून विचारतो, "यारन्नु केळिद्री?" कुणाला विचारलेत? समोरचे वकील कधी वैतागतात. मी तरी विचारतोच, कारण तिथे एक शब्द चुकीचा नोंदला गेला तर एखाद्याची शेतजमीन जाऊ शकते.

शाळेच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक विनंती आहे. नववीच्या वर्गात एक फळा असा ठेवावा, की ज्यावर मुलांनी घरून, बाजारातून, आजीकडून विचारण्या-मागण्याचे शब्द आणून लिहावेत. आमच्याकडची जुनी माणसे 'विचार' ऐवजी 'पूस' म्हणत, तो आता ऐकू येत नाही. सुरुवात त्याच्यापासून करता येईल. खडूचा आणि फळ्याचा खर्च मी देईन.