आज जेवणाच्या सुट्टीत

मेलबर्नमध्ये आज चांगलंच कडक ऊन होतं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधल्या मैत्रिणीने पँट वर सरकवून पोटरी दाखवली. बोटभर लांब व्रण, टाके परवाच काढलेले, कडा अजून लालसर. मेलॅनोमा होता, म्हणजे त्वचेचा एक घातक कर्करोग. नशीब, लवकर सापडला.

विशीत ती दर आठवड्याला सोलॅरियममध्ये जायची, म्हणजे यंत्रातल्या अतिनील किरणांनी त्वचा टॅन, सावळी करून देतात तिथे. लग्नाच्या आधी तर जास्तच. फिकट पाय दाखवायची लाज वाटायची म्हणाली. मी ऐकतच राहिले. माझं सगळं लहानपण "उन्हात खेळू नकोस, काळी पडशील" हे ऐकण्यात गेलं. दोघींसाठीही फार वाईट वाटलं.

टॅन ही तब्येतीची झळाळी नाही हो. अतिनील किरणांनी पेशीतला डीएनए दुखावला की त्वचा बचावासाठी जास्त मेलॅनिन बनवते, तोच तो रंग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये टॅनिंगची यंत्रं तंबाखूच्याच गटात, म्हणजे माणसात नक्की कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत टाकली. इथे व्हिक्टोरिया राज्यात २०१५ पासून व्यावसायिक सोलॅरियमवर बंदी आहे. तरी किनाऱ्यावर भर दुपारी पडून राहिलेली पोरं दिसतातच.

आणि "आपल्याला काय होतंय" असं कृपा करून म्हणू नका. सावळ्या त्वचेला संरक्षण जास्त, पण पूर्ण नाही. शिवाय आपल्यात मेलॅनोमा तळपायावर, नखाखालीही होतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो, पण तिथे कोणी बघत नाही, म्हणून उशिरा कळतो.

घरी आल्यावर दिव्याखाली तळपाय नीट पाहिले. डाव्या अंगठ्याजवळ एक तीळ आहे, कधीपासूनचा ते आठवत नाही. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली आहे.