घड्याळ कुठून सुरू करायचं?

मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनर टर्मिनलांच्या, म्हणजे जहाजावर डबे चढवण्या-उतरवण्याच्या तळांच्या, कार्यक्षमतेचे आकडे मी नेमाने वाचते. पनवेलच्या फ्रेट फॉरवर्डिंग (निर्यातदारांचा माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या) ऑफिसात नाशिकच्या द्राक्षांचे रीफर, म्हणजे थंड ठेवणारे कंटेनर, माझ्याकडे असतात, म्हणून ते माझ्या रोजच्या कामाचे आहेत. वाचून वाचून माझं मत पक्कं झालंय: टर्मिनल मोजताना घड्याळ जहाजासाठी लावतात, मालासाठी नाही.

जागतिक बँकेचा कंटेनर बंदरांचा निर्देशांक घ्या. २०२३ च्या यादीत शांघायचं यांगशान पहिलं, आपलं विशाखापट्टणम पहिल्या विसात, भारताची नऊ बंदरं पहिल्या शंभरात. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण तिथे मोजतात तो जहाज बंदरात आल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ. डबा गेटवर किती ताटकळला, हाताळणीला किती पैसे पडले, हे त्यात नाही.

कंटेनर मोजायच्या एककाचं, टीईयूचं, तर विचारूच नका. २० फुटी डबा म्हणजे एक टीईयू. आमचा रीफर ४० फुटी, क्रेन तो एकदाच उचलते, हिशेबात मात्र दोन पडतात. कोलंबोत एका जहाजावरून उतरवून दुसऱ्यावर चढवलेला डबा दोनदा मोजला जातो. त्यापेक्षा एका क्रेनने तासाला किती मूव्ह केल्या, म्हणजे किती वेळा डबा उचलून ठेवला, हा आकडा मला जास्त सच्चा वाटतो.

अभ्यासक डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस वापरतात. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये मांडलेली पद्धत. एकीकडे धक्क्याची लांबी, क्रेन, यार्डाचं क्षेत्रफळ. दुसरीकडे वर्षभरात हाताळलेले कंटेनर. कमी साधनांत जास्त काम काढणाऱ्याला १ गुण, बाकीचे त्याच्या खाली. पद्धत हुशार आहे, यात शंका नाही. पण भारत मुंबई कंटेनर टर्मिनलचा धक्का २०२५ मध्ये १,००० मीटरवरून २,००० मीटर झाला. धक्का दुप्पट झाला म्हणून माल लगेच दुप्पट होत नाही. म्हणजे जागा मोकळी असेपर्यंत अशा टर्मिनलचे गुण घसरणार, आणि ट्रेलरवाल्याला नेमकी ती मोकळी जागाच हवी असते! उलट गच्च भरलेलं टर्मिनल कागदावर अव्वल, आणि तिथे खालचा एक डबा काढायला वरचे तीन हलवावे लागतात.

आता स्पर्धा. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं तेव्हा बंदराचं स्वतःचंच टर्मिनल होतं. १९९९ मध्ये देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल इथेच आलं, आज इथे एकूण पाच टर्मिनलं आहेत. कामाचा वेग वाढला, हे मी मनापासून मान्य करते. पण कुठलं टर्मिनल, हे निर्यातदार ठरवत नाही. आम्ही शिपिंग लाइनकडे बुकिंग करतो. तिचं जहाज जिथे लागेल तिथे डबा पोचवायचा. काही ठिकाणी तर लाइन आणि टर्मिनल एकाच घरचे: एपीएमचं टर्मिनल मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं, न्हावा शेवा फ्रीपोर्ट टर्मिनलमध्ये सीएमए सीजीएम ही जहाज कंपनी भागीदार. पाचही टर्मिनलं झटतात ती जहाजवाल्यांसाठी. शेतकरी त्यांच्या गिऱ्हाइकांत नाहीच.

गेल्या हंगामात एका गेटबाहेर आमचा ट्रेलर अडकला. फॉर्म १३ (गेटमधून आत न्यायचा परवाना) हातात, व्हीजीएम (डब्याचं तपासलेलं वजन) भरलेलं, कागदपत्रांत काही कमी नाही. रीफर थंड ठेवणाऱ्या जेनसेटचं (जनरेटरचं) डिझेल संपत आलं, ड्रायव्हरदादा दर थोड्या वेळाने फोन करत होते, आणि कट-ऑफ, म्हणजे त्या जहाजासाठी डबा आत घ्यायची शेवटची वेळ, निघून गेला. पुढचं जहाज आठवड्याने. शून्य अंशाच्या आसपास जपायचा माल, त्यात तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालत रॉटरडॅमपर्यंतचा प्रवास. तिकडचा खरेदीदार भाव पाडणार हे शेतकऱ्याला सांगायची वेळ माझ्यावर आली. आणि त्या दिवशीच्या ट्रेलर-वेळेच्या हिशेबात ही रांग नव्हतीच, कारण तो वेळ गेटच्या आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा धरतात.

निर्यातीचे ट्रेलर आधी पार्किंग प्लाझात थांबतात. डबा कुठे पोचला ते टिपणारे आरएफआयडी टॅग कंटेनरवर लावायला न्हावा शेवात २०१६ पासूनच सुरुवात झाली आहे. तेव्हा घड्याळ प्लाझापासून सुरू करा, सरासरीसोबत सर्वांत जास्त रखडलेल्या दहा टक्के ट्रेलरचा वेळ द्या, आणि तो टर्मिनलवार दर महिन्याला छापा. मग कुठल्या लाइनकडे बुकिंग करायचं, हे आम्हीही ते आकडे बघून ठरवू.