ग्दान्स्कमधलं अंबरचं कार्ड

पोलंडमधल्या ग्दान्स्क शहराच्या जुन्या भागात मारियात्स्का नावाची गल्ली आहे. दगडी पायऱ्या, आणि जवळजवळ प्रत्येक दारात अंबरचे, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या राळेचे, दागिने. तिथल्या ओळखीच्या एका दुकानदार बाईंना डबीत घालायला छोटं कार्ड हवं होतं. वर वस्तूचं नाव गिऱ्हाइकाच्या भाषेत आणि खाली एक-दोन ओळींची माहिती. मी इथे भाषांतराची कामं करतो म्हणून हे माझ्याकडे आलं. एका शब्दाचं तर काम आहे, असं त्यांना वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

भाषा ठरवायला वेळ लागला नाही. स्वीडनहून थेट फेरीबोट येते, जर्मन पर्यटक तर बारा महिने असतात. बाल्टिक देशांतले, झेक, हंगेरियन आणि बाल्कनमधले लोकही येतात. यादी करून मी संगणकाला भाषांतर विचारलं, आणि आलेला एकेक शब्द त्या त्या भाषेच्या शब्दकोशात आणि तिथल्या सराफांच्या जाहिरातींत तपासायला बसलो. हा दुसरा भाग टाळू नये. शब्दकोशात असलेला शब्द दुकानात चालतोच असं नाही.

जर्मन सोपं वाटलं होतं. ‘बेर्नश्टाइन’ म्हणजे जळणारा दगड, कारण अंबर ही झाडाच्या चिकाची अश्मीभूत राळ आहे. बाल्टिक अंबर साधारण चार कोटी वर्षांपूर्वीचं. पेटवलं की धुराला राळेचा वास येतो. डच आणि स्वीडिश नावंही याच घडणीची. अडचण पुढच्या शब्दात होती. बाईंना ‘खरं अंबर’ असं लिहायचं होतं, पण जर्मन व्यापारात ‘एष्ट-बेर्नश्टाइन’, शब्दशः खरं अंबर, हे नाव चुरा तापवून दाबून केलेल्या मालाला देतात. न दाबलेल्या, मूळ तुकड्याला म्हणायचं ‘नाटूर-बेर्नश्टाइन’. म्हणजे प्रामाणिक दुकानदाराने भोळेपणाने ‘खरं’ लिहिलं तर जाणकार जर्मन गिऱ्हाईक नाक मुरडून निघून जाणार. ग्दान्स्कमध्ये आंतरराष्ट्रीय अंबर संघटना आहे आणि तिने मालाचे चार वर्ग केले आहेत: नैसर्गिक, उष्णतेने किंवा दाबाने सुधारलेलं, चुऱ्यापासून दाबून बनवलेलं, आणि तुकडे चिकटवलेलं. मी सगळ्याच भाषांत ‘खरं’ काढून टाकलं आणि ‘नैसर्गिक’ ठेवलं. बाईंनी एकदाच विचारलं, "म्हणजे आमचं खरं नाही का?" जर्मन नियम समजावून सांगितल्यावर त्या हसल्या.

डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये शब्द आहे ‘राव’. कार्डावर तो पाहिला की मला आपोआप ‘काय राव’ ऐकू येतं. आइसलँडच्या लोकांनी तर त्यावरून विजेचं नाव केलं: ‘राफमाग्न’, म्हणजे अंबरची शक्ती. घासलेलं अंबर गवताच्या काड्या ओढतं हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होतं. ते त्याला ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत, आणि 1600 साली विल्यम गिल्बर्ट या इंग्लिश वैद्याने त्यावरून लॅटिन विशेषण घडवलं. त्यातून पुढे इलेक्ट्रिसिटी आली.

पण आजच्या ग्रीक गिऱ्हाइकासाठी ‘इलेक्ट्रॉन’ उपयोगाचं नाही. तो म्हणतो ‘केख्रिबारी’. हा शब्द तुर्की ‘केहरिबार’वरून आला आणि तुर्कीत तो फारसी ‘काहरुबा’वरून: काह म्हणजे गवताची काडी, रुबा म्हणजे हिरावणारा. बल्गेरियनमध्ये ‘केख्लिबार’, रोमानियनमध्ये ‘किहलिम्बार’, सर्बियनमध्ये ‘चिलिबार’, अल्बानियनमध्येही तसंच. पण क्रोएशियात ‘यान्तार’. तुर्कांच्या उस्मानी (ऑटोमन) सत्तेची जुनी हद्द या एका शब्दावरून जवळपास आखता येते. हाच कहरुबा आपल्याकडच्या युनानी हकिमांच्या औषधांतही आहे, आणि संस्कृतातलं ‘तृणमणी’ हे नावही गवत ओढण्यावरूनच पडलेलं.

ज्यांच्या किनाऱ्यावर वादळानंतर हे तुकडे वाहून येतात त्यांच्याकडे स्वतःचा शब्द असतो आणि बाकीचे व्यापाऱ्याचा शब्द घेतात, असा नियम मी मनाशी बांधला होता. लिथुआनियनमध्ये ‘गिंतारस’, लॅटव्हियनमध्ये ‘द्झिंतार्स’. दोन्ही पुरुषांची नावंही आहेत. रशियन ‘यान्तार’ बहुधा तिथूनच आला. फिन आणि एस्टोनियन लोक आपापल्या शब्दांत ‘समुद्राची राळ’ म्हणतात. नियम छान चालला होता, तो मोडला पोलंडनेच. किनारा स्वतःचा, अंबर स्वतःचं, आणि शब्द ‘बुर्श्तिन’ हा जर्मनवरून आलेला. मध्ययुगात इथल्या अंबरवर जर्मन ट्यूटॉनिक सरदारांची मक्तेदारी होती. ते ऐकून बाईंनी खांदे उडवले.

सगळ्यात जास्त घोळ फ्रेंचमध्ये झाला. ‘आंब्र’ मुळात अरबी ‘अंबर’वरून आलेला शब्द, आणि अरबीत तो व्हेलच्या पोटात तयार होणाऱ्या सुगंधी पदार्थाचा. दोन्ही वस्तू किनाऱ्यावर सापडतात म्हणून युरोपात एकच नाव दोघांना चिकटलं. मग फ्रेंचांनी रंगावरून फोड केली: करडा आंब्र व्हेलचा, पिवळा आंब्र राळेचा. दागिन्यांच्या दुकानात नुसतं ‘आंब्र’ चालतं, तरी मी ‘बाल्टिक’ जोडलंच. अत्तरवाल्यांच्या देशात धोका कशाला पत्करायचा?

ही फोड मराठीसाठी मात्र खरोखर लागली. दुकानात भारतीय पर्यटकही येतात, म्हणून बाई म्हणाल्या, "तुमच्या भाषेतही एक ओळ हवी." नुसतं ‘अंबर’ लिहिलं तर मराठी वाचकाला आधी आकाश आठवतं आणि त्यानंतर कोकणात व्हेलची उलटी विकताना पकडलेल्यांच्या बातम्या. त्या मालाचा व्यापार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि परदेशातून परतताना बॅगेत ‘अंबर’ असं कार्ड सापडावं असं कुणालाच वाटणार नाही. ‘तृणमणी’ देखणा शब्द, पण किती जणांना कळेल? शेवटी लिहिलं: ‘नैसर्गिक बाल्टिक अंबर (तृणमणी), झाडाच्या राळेपासून’. लांबलचक झालं, पण ‘झाडाच्या’ हा शब्द मी काढू दिला नाही.

छपाईत ग्रीक आणि सिरिलिक अक्षरं निमूट बसली. छापखान्याच्या सॉफ्टवेअरने ‘तृ’ची ऋकाराची खूण मात्र वेगळी करून बाजूला टाकली आणि ‘नैसर्गिक’मधला रफार भलत्याच अक्षरावर नेऊन ठेवला. तिथल्या पोलिश मुलाला त्यात काहीच चुकलेलं दिसत नव्हतं. मग मराठी ओळ मी घरी चित्र म्हणून तयार केली आणि तीच कार्डात बसवायला दिली.